‘शहा’ आणि ‘हुकूम’ : नायककेंद्री वाचनाविरुद्ध

१

निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवर आलेली सरकारे त्याच मार्गाने एकाधिकाराकडे कशी सरकतात, हा गेल्या तीन दशकांतील जागतिक राजकारणाचा कळीचा प्रश्न आहे. पेरू, व्हेनेझुएला, तुर्कस्तान, हंगेरी, एल साल्वादोर ही त्याची उदाहरणे भिन्न खंडांतील, भिन्न विचारसरणींची आणि भिन्न आर्थिक स्थितीतील आहेत. राज्यशास्त्राने आणि घटनाशास्त्राने या प्रश्नाची बरीच चिकित्सा केली आहे. साहित्यसमीक्षाही या चर्चेत उतरली आहे. परंतु उतरताना तिने जी वाचनपद्धती बरोबर आणली ती सदोष आहे, आणि हा दोष निरुपद्रवी नाही.

ही पद्धती नायककेंद्री आहे. तिच्या दृष्टीने लोकशाहीचा ऱ्हास म्हणजे एका व्यक्तीची कथा : तिचा उदय, तिचे वक्तृत्व, तिचा अहंकार, तिने जनसमूहावर घातलेली मोहिनी. समीक्षक एखादी कादंबरी हाती घेतो, तीमधील जुलमी सत्ताधीशाचे एखाद्या हयात नेत्याशी साम्य दाखवतो, आणि साहित्य किती द्रष्टे असते असा निष्कर्ष काढून थांबतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सत्तांतर होताच जॉर्ज ऑर्वेलची १९४९ सालची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी ॲमेझॉनच्या विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. सामान्य वाचकाने भयग्रस्त होऊन जुन्या पुस्तकाकडे धाव घ्यावी हे समजण्यासारखे आहे. समीक्षकाचे काम मात्र या धावेला वैचारिक प्रतिष्ठा देण्याचे नव्हते.

मराठीत या सत्ताधीशासाठी जो शब्द रूढ आहे तोच येथे उपयोगी पडतो. ‘हुकूमशहा’ या सामासिक शब्दाची दोन पदे आहेत. त्यातील ‘शहा’ डोळ्यांत भरतो. त्याला चेहरा आहे, आवाज आहे, पोशाख आहे. ‘हुकूम’ मात्र नजरेआड राहतो. तो कागदावर असतो, कलमांत आणि उपकलमांत विभागलेला असतो, आणि पुष्कळदा अत्यंत कंटाळवाणा असतो. नायककेंद्री समीक्षा ‘शहा’ वाचते आणि ‘हुकूम’ वाचायचा सोडून देते. वस्तुतः ज्या ज्ञानशाखेचा सारा अभ्यास संहितेचा, तिनेच संहिता सोडून मुखवट्याकडे पाहत बसावे, ही तिच्या स्वधर्माशीच प्रतारणा आहे.

२

या वाचनाचा पहिला दोष असा की ज्या कलाकृतींच्या आधारे ते उभे राहते त्या कलाकृतीच त्याच्या विरोधात साक्ष देतात.

ऑर्वेलची कादंबरीच पाहावी. ‘बिग ब्रदर’ हे तिच्यातून भाषेत गेलेले नाव. परंतु तो पुरुष खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे कादंबरीत अखेरपर्यंत अनिश्चित ठेवले आहे. तिचा नायक विन्स्टन स्मिथ हा सत्यमंत्रालयात जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर दुरुस्त करणारा कारकून आहे. कादंबरीच्या शेवटी एक परिशिष्ट आहे आणि ते एका कृत्रिम भाषेच्या व्याकरणाविषयी आहे. म्हणजे नेता संशयास्पद, कारकुनी मात्र तपशीलवार, असे या कादंबरीचे प्रमाण आहे. लोकप्रिय वाचनाने हे प्रमाण उलटे केले आणि समीक्षेने ते सरळ केले नाही.

लॅटिन अमेरिकेतील ज्या कादंबरीप्रकाराला ‘हुकूमशहाची कादंबरी’ म्हणून ओळखले जाते, त्याचीही हीच कथा आहे. ऑगुस्तो रोआ बास्तोस यांची १९७४ मधील ‘यो एल सुप्रेमो’ ही पॅराग्वेच्या फ्रान्सिया या सत्ताधीशावरील कादंबरी. तिचा आरंभ राजधानीतील प्रार्थनामंदिराच्या दारावर डकवलेल्या एका कागदापासून होतो. तो कागद सत्ताधीशाच्याच आज्ञेची भाषा आणि हस्ताक्षर यांची नक्कल करतो. पुढे सत्ताधीश बोलतो आणि लेखनिक लिहितो. त्यावर संकलक म्हणून कोणी तिसराच टिपा जोडतो. सत्ता म्हणजे कोण कोणाकडून काय लिहवून घेतो याची व्यवस्था, हे ती कादंबरी आपल्या रूपबंधातूनच सांगते. मारिओ व्हार्गास योसा यांच्या २००० सालच्या ‘ला फिएस्ता देल चिवो’ या कादंबरीत डोमिनिकन प्रजासत्ताकाचा त्रुहियो हा जुलमी सत्ताधीश केंद्रस्थानी दिसतो खरा. पण त्याच्या १९६१ मधील हत्येनंतर सत्तेची सूत्रे अलगद हाती घेतो तो नाममात्र राष्ट्राध्यक्ष मानला गेलेला, मृदुभाषी, कागदोपत्री माणूस : बालागेर. इतिहासातही हा बालागेर पुढे १९६६ ते १९७८ आणि १९८६ ते १९९६ असा दीर्घकाळ राष्ट्राध्यक्षपदी राहिला. त्रुहियोच्या क्रौर्याची चर्चा पुष्कळ होते. बालागेरच्या सौजन्याची चर्चा त्याहून महत्त्वाची आहे.

मराठी समीक्षेला हा धडा आपल्या घरातही मिळू शकला असता. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले आणि वाद पेटला तो नाना फडणविसाच्या व्यक्तिरेखेवरून. ऐतिहासिक नाना असा होता काय, तेंडुलकरांनी त्याची बदनामी केली काय, यावर रणे माजली. नाटकाचा रूपबंध मात्र ओरडून काही वेगळेच सांगत होता. त्यात माणसांची एक ओळ आहे. ती कधी गाते, कधी भिंत होऊन मागचे दृश्य झाकते, कधी पाठ फिरवते, कधी जमाव होऊन दगड उचलते. घाशीरामाला कोतवाली मिळते ती नानाच्या गरजेतून. तो नकोसा होतो तेव्हा नानाच त्याला जमावाच्या स्वाधीन करतो आणि उत्सवाची घोषणा करतो. कोतवाल जातो, कोतवाली निर्माण करणारी व्यवस्था राहते, आणि माणसांची भिंत पुन्हा गाऊ लागते. वाद व्यक्तिरेखेचा झाला. भिंतीविषयी वाद झालाच नाही म्हटले तरी चालेल. नायककेंद्री वाचनाची किंमत काय असते याचे याहून बोलके उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

३

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नायककेंद्री वाचन ज्या कृतींकडे दुर्लक्ष करते त्या कृती अनेकदा शुद्ध अर्थनिर्णयाच्या कृती असतात. म्हणजे समीक्षेच्या खास अधिकारक्षेत्रातच सत्ता आपला डाव मांडते आणि समीक्षकाला त्याचा पत्ता नसतो.

पेरूचे उदाहरण या संदर्भात अभ्यसनीय आहे. १९९० च्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत आल्बेर्तो फुजिमोरी यांनी व्हार्गास योसा यांचा पराभव केला. लॅटिन अमेरिकेतील एक श्रेष्ठ कादंबरीकार एका अपरिचित कृषितज्ज्ञ प्राध्यापकाकडून हरला, एवढेच या घटनेतील नाट्य साहित्यिक वर्तुळात सांगितले जाते. ५ एप्रिल १९९२ रोजी फुजिमोरींनी लष्कराच्या पाठिंब्याने संसद बरखास्त केली, हेही सांगितले जाते. त्यात रणगाडे आहेत, दृश्य आहे. परंतु समीक्षकाने जपून ठेवावी अशी तारीख यानंतरची आहे. १९९३ च्या नव्या घटनेने राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ एकदाच पुन्हा निवडून येण्याची मुभा दिली होती. फुजिमोरी १९९० आणि १९९५ असे दोनदा निवडून आले होते. तिसरी खेप घटनेच्या शब्दांत बसत नव्हती. तेव्हा ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या बहुमताच्या संसदेने एक कायदा संमत केला. तो ‘अधिकृत अर्थनिर्णयाचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्याने घटनेतील एक अक्षरही बदलले नाही. संबंधित कलमाचा अर्थ कसा लावावा एवढेच त्याने सांगितले : नवी घटना अमलात येण्यापूर्वी सुरू झालेला कार्यकाल मोजू नये. म्हणजे एकाची गणना शून्य झाली आणि दोनाची एक.

घटना न्यायाधिकरणातील तीन न्यायमूर्तींनी जानेवारी १९९७ मध्ये हा अर्थ फुजिमोरींच्या उमेदवारीस लागू होत नाही असा निर्णय दिला. मे १९९७ मध्ये संसदेने त्या तिघांना पदच्युत केले. सात जणांच्या न्यायाधिकरणात चार उरले, आणि कायदा घटनाबाह्य ठरविण्यास सहा मते लागत असल्यामुळे ते न्यायाधिकरण जागच्या जागी निष्प्रभ झाले. फुजिमोरी २००० मध्ये तिसऱ्यांदा ‘निवडून’ आले आणि लाचखोरीच्या चित्रफिती बाहेर पडल्यावर त्याच वर्षी देशाबाहेर गेले.

अर्थनिर्णयाचा अधिकार कोणाचा, संहितेचा अर्थ निश्चित करता येतो काय, कर्त्याचा हेतू प्रमाण मानावा की वाचकाचा संदर्भ, हे प्रश्न समीक्षेने अर्धशतक चघळले आहेत. १९९६ मध्ये लिमा येथील संसदेने याच प्रश्नांची उत्तरे बहुमताने ठरविली. एल साल्वादोरमध्ये हाच पाठ पुन्हा वाचला गेला. १ मे २०२१ रोजी नव्या विधानसभेने घटनापीठाच्या पाच न्यायमूर्तींना काढले. सप्टेंबरमध्ये नव्या पीठाने लागोपाठच्या फेरनिवडीला मनाई करणाऱ्या घटनेचा अर्थ फेरनिवडीला अनुकूल असा लावला. २०२४ मध्ये नायिब बुकेले पुन्हा निवडून आले. आणि ३१ जुलै २०२५ रोजी फेरनिवडीवरील मर्यादाच घटनेतून काढून टाकण्यात आली. आधी अर्थ बदलला, मग शब्द. हा क्रम कोणत्याही अर्थमीमांसकाला विचारप्रवृत्त करण्यास पुरेसा आहे. प्रत्यक्षात त्याची चर्चा जवळजवळ सगळी कायद्याच्या नियतकालिकांतच झाली.

४

तिसरे उदाहरण हंगेरीचे आहे आणि ते २०१० ते २०२२ या बारा वर्षांपुरतेच येथे विचारात घेतले आहे. या काळात काय रचले गेले हा मुद्दा आहे; ते रचणारा माणूस सत्तेवर किती दिवस राहतो हा मुद्दा नव्हे.

२०१० च्या निवडणुकीत व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीने सुमारे ५३ टक्के मतांवर ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशाहून अधिक जागा जिंकल्या. दोन-तृतीयांश बहुमत हेच घटना बदलण्याचे माप असल्यामुळे १ जानेवारी २०१२ पासून नवी घटना अमलात आली. अनेक विषय दोन-तृतीयांश बहुमताशिवाय बदलता येणार नाहीत अशा ‘मूलभूत कायद्यां’त बंदिस्त झाले. संसदेच्या जागा १९९ करण्यात आल्या आणि मतमोजणीचे नियम विजेत्याला अधिक विजयी करतील असे रचण्यात आले. २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर १३३ जागा मिळाल्या. हे पुन्हा दोन-तृतीयांश. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवले, पण तोवर रिकाम्या झालेल्या अनेक खुर्च्या भरल्या गेल्या होत्या. मार्च २०१३ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने घटना न्यायालयाचे नव्या घटनेपूर्वीचे निकालच प्रभावशून्य केले. न्यायालयाची स्मृती कायद्याने पुसण्याची ही कृती आहे, आणि स्मृती-विस्मृतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या समीक्षेने ती वाचायला हवी होती.

घटनाशास्त्राच्या अभ्यासक किम लेन शेपेले यांनी २०१३ मध्ये या व्यवस्थेला ‘फ्रँकनस्टेट’ म्हटले. तिचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या सुस्थित लोकशाहीत सापडतो. अवयवांची जुळणी मात्र राक्षसी आहे. म्हणून टीका केली की उत्तर तयार असते : असा नियम अमुक देशातही आहे. शेपेले यांनी नाव घेतले ते मेरी शेलीच्या कादंबरीवरून. पण जे सांगितले ते आंतरसंहितात्मकतेचे तत्त्व आहे. अर्थ सुट्या उद्धरणात नसतो, उद्धरणांच्या रचनेत असतो. हे तत्त्व शिकविण्यात साहित्याच्या प्राध्यापकांची हयात जाते. ते राजकारणाला लावून दाखविण्याचे काम मात्र घटनाशास्त्राला करावे लागले.

एप्रिल २०१७ चा उच्चशिक्षणविषयक कायदा घ्यावा. परदेशी विद्यापीठाला हंगेरीत पदवी द्यायची असल्यास त्याचे मूळ देशातही अध्यापन सुरू असले पाहिजे आणि दोन सरकारांत तसा करार असला पाहिजे, असे तो म्हणतो. त्यात बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचे नाव नाही. वाक्यरचना सर्वसाधारण आहे, निवेदन तटस्थ आहे, पात्र अनाम आहे. तरीही ते विद्यापीठ २०१९ पासून व्हिएन्नाला हलले. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये हा कायदाही बेकायदा ठरवला. तेव्हा वर्ग दुसऱ्या देशात भरत होते. २०१८ च्या अखेरीस चारशेहून अधिक वृत्तमाध्यमे त्यांच्या मालकांनी एका प्रतिष्ठानाला दान केली, आणि सरकारने एका वटहुकमाने या व्यवहाराला ‘राष्ट्रीय व्यूहात्मक महत्त्वाचा’ ठरवून स्पर्धाविषयक तपासणीतून वगळले. वर्तमानपत्रांना टाळे ठोकणारा शिपाई येथे कुठेच दिसत नाही. एक विशेषण आहे आणि त्या विशेषणाने काम भागले.

या संहितांमध्ये साहित्याशी थेट संबंध असलेला एक धागाही आहे. नव्या घटनेच्या प्रारंभीच्या श्रद्धाकथनात असे मानले आहे की राष्ट्राचा स्वनिर्णयाचा अधिकार १९ मार्च १९४४ रोजी, म्हणजे जर्मन सैन्य आले त्या दिवशी, नष्ट झाला आणि २ मे १९९० रोजी परत मिळाला. कथनमीमांसेच्या भाषेत हे काललोपाचे उदाहरण आहे. कारण १९४४ च्या मे ते जुलै या महिन्यांत चार लाखांहून अधिक ज्यूंना हंगेरीतून छळछावण्यांकडे पाठविण्यात आले, आणि त्यात हंगेरीच्या प्रशासनाचा व पोलिसांचा सहभाग होता. राष्ट्र त्या काळात ‘नव्हतेच’ असे एकदा ठरले की राष्ट्राची जबाबदारीही उरत नाही. त्या वर्षी पकडून नेलेल्यांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव इम्रे केर्तेस. त्याच्या १९७५ च्या ‘शोर्शतालनशाग’ या कादंबरीचा विषय हाच आहे, आणि २००२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने केर्तेसला अनिवार्य वाचनातून वगळले आणि आल्बर्ट वास व फेरेन्त्स हेर्त्सेग यांना स्थान दिले. यातील वास यांना १९४६ मध्ये रुमानियातील न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत युद्धगुन्हेगार ठरवले होते.

या घटनेवर साहित्यिकांनी निषेध नोंदवला आणि तो योग्यच होता. परंतु निषेधाचे स्वरूप पुन्हा नायककेंद्री राहिले : एक थोर लेखक वगळला, एक कलंकित लेखक आला. खरे तर घटनेतील दोन तारखा आणि अभ्यासक्रमातील वगळणूक ही एकाच कथनाची दोन कलमे आहेत. घटनेने ज्या काळाला राष्ट्राच्या चरित्रातून वजा केले, त्या काळाचा साक्षीदार अभ्यासक्रमाने वर्गातून वजा केला. पहिली वजाबाकी ज्याने वाचली नव्हती त्याला दुसरी केवळ अभिरुचीची बाब वाटली.

५

या पद्धतीवर दोन आक्षेप येतील. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की नेत्याचे विभूतिमत्त्व ही वस्तुस्थिती आहे. माक्स वेबरने अधिसत्तेचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून तिचे विवेचन केले आहे. लाखो मतदार त्या नेत्यावर खरोखर प्रेम करतात. त्याच्याशिवाय हे हुकूम निघालेच नसते. यात तथ्य आहे. परंतु विभूतिमत्त्व टिकून राहते ते कशामुळे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. वेबरनेच विभूतिमत्त्वाचे नित्यक्रमात रूपांतर कसे होते याची चर्चा केली आहे. ज्याचा आवाज सर्व वाहिन्यांवर येतो त्याचा आवाज प्रभावी असणारच. त्या वाहिन्या एका प्रतिष्ठानात कशा गेल्या हे वाचल्याशिवाय आवाजाच्या जादूविषयी बोलणे म्हणजे ध्वनिवर्धकाला कंठ समजणे होय.

यापुढे जाऊन असे म्हणावे लागते की नायककेंद्री वाचन हे सत्ताधीशाचेच कथन स्वीकारते. सारे काही माझ्यामुळे घडते, मीच जनता आहे, असे तो सांगतो. समीक्षक तेच वाक्य उलट्या मूल्यभावाने उच्चारतो : सारे काही त्याच्यामुळे बिघडते. स्तुती आणि निंदा यांचे व्याकरण एकच राहते. २०२१ मध्ये बुकेले यांनी समाजमाध्यमावरील आपल्या परिचयात स्वतःला जगातला सर्वांत झकास हुकूमशहा म्हणवून घेतले, तेव्हा या वाचनाची पूर्ण फजिती झाली. विरोधकांचा उपरोध सत्ताधीशाने आपल्या छातीवर बिल्ला म्हणून लावला. ‘शहा’वरची टीका अशी सहज पचवता येते. ‘हुकूम’ मात्र विनोदाने पचत नाही. त्याचा प्रतिवाद करावा लागतो किंवा तो दडवावा लागतो.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. सत्याची, संहितेची, अर्थाची निश्चितता नाकारणाऱ्या उत्तर-आधुनिक सिद्धान्तनानेच ही अवस्था आणली. मग तीच समीक्षा उपाय कसा ठरेल? मिचिको काकुतानी यांच्या २०१८ मधील ‘द डेथ ऑफ ट्रुथ’ या पुस्तकाने हा आरोप लोकप्रिय केला. तो पुराव्यावर टिकत नाही. हंगेरीची घटना अर्थाच्या अनिश्चिततेवर उभी नाही. ती राष्ट्र, धर्म, कुटुंब, इतिहास यांविषयी ठाम विधाने करते. पेरूच्या संसदेने अर्थ अनेक असतात असे म्हटले नाही. एकच अर्थ अधिकृत आहे असे म्हटले. अर्थबहुलतेचा सिद्धान्त हे सत्तेचे हत्यार असते, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये हंगेरीच्या सरकारने लिंगभाव-अभ्यासाची पदवी मान्यताप्राप्त यादीतून काढून टाकण्याची गरज नव्हती. या आरोपात तथ्य एवढेच की सिद्धान्तनाने आपली धारदार साधने कविता-कादंबऱ्यांवर चालवून बोथट केली आणि राजपत्र त्यांच्या वाटेला येऊ दिले नाही. गुन्हा सापेक्षतावादाचा नाही. गुन्हा आळसाचा आहे.

६

भारतीय वाचकाला हे सारे परदेशस्थ वाटण्याचे कारण नाही. आणीबाणीचा इतिहास येथे प्रत्यक्ष साक्ष देतो.

मराठी साहित्यव्यवहाराच्या स्मरणात आणीबाणी म्हणजे प्रामुख्याने १९७५ चे कराडचे साहित्यसंमेलन, अध्यक्षस्थानावरून निर्भयपणे बोललेल्या दुर्गा भागवत आणि पुढे त्यांना झालेला तुरुंगवास. हे स्मरण आदरणीय आहे आणि ते पुसले जाऊ नये. परंतु तेही व्यक्तिकथेच्याच साच्यातले आहे. फक्त येथे ‘शहा’च्या जागी वीरनायिका आहे. त्या वर्षांतील संहिता मात्र मराठी समीक्षेच्या स्मरणात नाहीत. २५ जून १९७५ ची घोषणा घटनेच्या ३५२ व्या कलमातील ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांवर उभी होती. ३८ व्या घटनादुरुस्तीने त्या घोषणेला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग बंद केला. ३९ वी दुरुस्ती पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यासाठी होती. तिला १० ऑगस्ट १९७५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी ११ ऑगस्टला होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क नाकारला, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलण्यात आली. ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षांवर नेली. हे सारे संसदेत, मतदानाने, राजपत्रात छापून झाले.

भाषेच्या अभ्यासकाला तर या काळाने एक स्वतंत्र प्रकरणच दिले होते. मौनात असलेल्या विनोबांनी वापरलेला ‘अनुशासनपर्व’ हा महाभारतातील शब्द सरकारी फलकांवर चढला. आचार्यांचे असते ते अनुशासन आणि सत्तेचे असते ते शासन, असा विनोबांनी नंतर केलेला खुलासा फलकांवर कधीच आला नाही. भीष्माने शरपंजरी सांगितलेल्या उपदेशाचे नाव सेन्सॉरच्या कारभाराला कसे चिकटले, एका उपसर्गाचे अंतर सत्तेने कसे मिटवून टाकले, यावर मराठीत स्वतंत्र शैलीवैज्ञानिक अभ्यास व्हायला हवा होता. विनोबा दोषी की निर्दोष, एवढ्या प्रश्नावर ती चर्चा संपली. पुन्हा व्यक्तिरेखा.

आणि उपाय कोठे झाला? १९७७ मध्ये मतदारांनी सत्ता बदलली, हे खरे. परंतु सत्ताबदलाने ३५२ वे कलम बदलले नव्हते. तेच शब्द पुढील कोणाही सत्ताधीशाच्या हाती तसेच उपलब्ध होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळविला पाहिजे अशी अट घातली, कारण १९७५ च्या त्या रात्री राष्ट्रपतींची स्वाक्षरी आधी झाली होती आणि मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी. जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद मागण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही असे या दुरुस्तीने ठरवले. ‘अशांतता’ हा शब्द मोर्चालाही लागू पडतो. ‘सशस्त्र उठाव’ लागू पडण्यास शस्त्र दाखवावे लागते. सुमारे एकवीस महिन्यांच्या अनुभवाने राष्ट्राला जे शिकवले ते अखेर या शब्दभेदात साठवले गेले आहे.

७

तेव्हा समीक्षेकडून अपेक्षा काय, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. तिने साहित्य सोडून राज्यशास्त्र करावे असे नाही. राज्यशास्त्र ते काम तिच्याहून चांगले करते. निषेधपत्रकांवर सह्या कराव्यात की नाही हा नागरिकाचा प्रश्न आहे, समीक्षकाचा नव्हे. समीक्षेकडे जे आहे आणि इतरांकडे नाही ते एवढेच : वाक्यात कर्ता का गाळला आहे, सर्वसाधारण विधानामागे विशिष्ट लक्ष्य कसे दडले आहे, प्रस्तावनेतील काळ कोठे तुटतो, ‘आम्ही’ म्हणणाऱ्या निवेदकात कोण येतो आणि कोण येत नाही, उधार घेतलेले वाक्य नव्या संदर्भात कोणता अर्थ धारण करते, हे ओळखण्याचे प्रशिक्षण. हे प्रशिक्षण पदव्युत्तर वर्गात दिले जाते, परंतु त्याचा सराव ठरलेल्या दहा-वीस कलाकृतींवर होतो. घटनेची प्रस्तावना, वटहुकूम, विद्यापीठ कायद्यातील दुरुस्ती, अभ्यासक्रमाचा आराखडा या संहिता साहित्यशास्त्राच्या वर्गात वाचल्या जात नाहीत. त्या साहित्य नाहीत, हे कारण पुरेसे नाही. ज्या समीक्षेने जाहिरात आणि चित्रपट यांना संहिता मानले तिला राजपत्राचा विटाळ का व्हावा?

या आळसाची किंमत प्रथम विद्यापीठच मोजते, हेही हंगेरीने दाखवले. सप्टेंबर २०२० मध्ये बुडापेस्टच्या नाट्य व चित्रपट विद्यापीठाचा कारभार सरकारनियुक्त विश्वस्त मंडळाकडे गेला. विद्यार्थ्यांनी सुमारे सत्तर दिवस इमारत ताब्यात ठेवून विरोध केला. पुढील वर्षभरात देशातील बहुसंख्य सरकारी विद्यापीठे अशाच प्रतिष्ठानांकडे सोपवली गेली. नाट्य विद्यापीठातील विरोध उत्कट होता, जगाने त्याची छायाचित्रे पाहिली. परंतु विश्वस्तांची नेमणूक कोण करणार, त्यांची मुदत किती, रिक्त जागा कोण भरणार, ही कलमे त्या छायाचित्रांत दिसत नव्हती, आणि विद्यापीठांचे भवितव्य ठरले ते त्या कलमांनी.

सत्ताधीश येतात आणि जातात. काही निवडणुकीत हरतात, काही परागंदा होतात, काही म्हातारे होऊन मरतात. त्यांच्या प्रत्येक निर्गमनानंतर नायककेंद्री समीक्षा सुटकेचा निःश्वास टाकते आणि पुढच्या चेहऱ्याची वाट पाहते. मागे राहिलेली कलमे तोवर अमलात असतात, आणि ती पुढच्या माणसासाठीही तितक्याच तत्परतेने काम करतात.